निवेदनाआधी नोटीस वाचा : थकीत करांविषयी व्यापारी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील व्यापारी आणि लघुउद्योजक संघटनांचे अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

थकीत कराचा विषय निघाला की संघटनेच्या बैठकीत बहुतेक एकच ठराव होतो : सरकारने अभय योजना, म्हणजे थकबाकीवरचे व्याज-दंड माफ करणारी योजना, आणावी. निवेदन तयार होते, मंत्र्यांची वेळ घेतली जाते, फोटो निघतो. निवेदनाला आमचा विरोध नाही. पण निवेदनाचे उत्तर येईपर्यंत सभासदाच्या जीएसटी पोर्टलवर पडून असलेल्या आदेशाची अपिलाची मुदत संपते, आणि जी रक्कम निम्मी तरी चुकीची होती ती पूर्ण वसुलीस पात्र होते. आम्ही करसल्लागार आणि वकील हेच काम करतो. म्हणून सांगतो : थकबाकीत व्याज आणि दंडाने होते त्याहून मोठे नुकसान हुकलेल्या तारखांनी होते. त्या तारखा सांभाळणे संघटनेला सहज जमण्यासारखे आहे. हे पत्र त्यासाठी.

अभय योजनेचा अनुभव आधी पाहू. जीएसटीत कलम १२८ए खाली २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांचे व्याज आणि दंड माफ झाले, पण ३१ मार्च २०२५ पर्यंत मूळ कर पूर्ण भरण्याच्या अटीवर. फायदा फक्त कलम ७३ च्या मागणीला होता. आदेश कलम ७४ खाली, म्हणजे हेतुपुरस्सर कर चुकवल्याच्या आरोपाचा असेल, तर तो सभासद बाहेर. राज्याच्या २०२२ आणि २०२३ च्या अभय योजना जीएसटीपूर्व करांसाठी होत्या, व्हॅट वगैरे. या तिन्ही वेळा ज्याच्या हाती आदेशाची प्रत, भरलेली चलने आणि ताळमेळाचा तक्ता तयार होता, त्याचे काम झाले. बाकीच्यांचे शेवटचे दिवस कागद शोधण्यात गेले. उद्या नवी योजना आली तरी फाइल लागणारच आहे.

आता मुद्द्याचे. थकबाकी दोन जातींची असते आणि दोन्हींना एकच औषध चालत नाही.

पहिली जात : स्वतः कबूल केलेला, पण न भरलेला कर. विक्री झाली, बिल फाडले, जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) भरले, ग्राहकाने इनपुट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेतले आणि ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) मात्र पैसे नाहीत म्हणून राहिले. याचे मूळ बहुतेक वेळा बेइमानीत नसून उधारीत असते. कर बिलाच्या महिन्याचा देय होतो, पार्टीचे पैसे नव्वद ते एकशेवीस दिवसांनी येतात, आणि मधल्या काळात कराचे पैसे कच्च्या मालात आणि पगारात जिरतात. सूक्ष्म व लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे मिळावेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मिळावे, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा सांगतो. पण मोठ्या गिऱ्हाइकाला दुखावून तक्रार कोण करणार, हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

या जातीत अडचण अशी की ३बी अर्धे भरता येत नाही. महिन्याचा पूर्ण कर भरल्याशिवाय पोर्टल विवरणपत्र स्वीकारत नाही, आणि मागचा महिना राहिला तर पुढचा उघडत नाही. चार महिने राहिले की माणूस हात टेकतो आणि सगळे एकदम भरू म्हणून आणखी सहा महिने घालवतो. इथे पहिला उपाय साधा आहे. जेवढे पैसे येतील तेवढे चलनाने इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात, जमा करत जायचे आणि सर्वांत जुन्या महिन्यापासून एकेक विवरणपत्र बंद करत पुढे यायचे. जुना महिना बंद झाला की त्याचे व्याज थांबते आणि रोजचे ५० रुपये विलंब शुल्कही थांबते. या शुल्काला कमाल मर्यादा आहे : मागील वर्षीची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर दर विवरणपत्रामागे २,००० रुपये, दीड ते पाच कोटींपर्यंत ५,००० आणि त्यापुढे १०,०००. म्हणजे भीती शुल्काची नाही, व्याजाची धरावी. वर्षाला १८ टक्के. रोखीने भरायचा कर ३,६०,००० असेल आणि ९० दिवस उशीर झाला, तर व्याज १५,९७८ रुपये होते. विवरणपत्र उशिरा पण कारवाई सुरू होण्याआधी भरले, तर हे व्याज फक्त रोखीने भरायच्या भागावर लागते, इनपुटमधून वळत्या होणाऱ्या भागावर नाही. अनेकांचे अकाउंटंट ते पूर्ण करावर लावून बसतात. तेवढे तपासले तरी काही हजार वाचतात.

दुसरी एक गोष्ट फारच कमी लोकांना माहीत आहे. जुलै २०२४ पासून नियम ८८बी मध्ये सुधारणा झाली. देय तारखेपर्यंत जी रक्कम कॅश लेजरमध्ये येऊन पडली आणि विवरणपत्र भरेपर्यंत तिथेच राहिली, तेवढ्या रकमेवर विवरणपत्र उशिरा भरले तरी व्याज नाही. म्हणून वीस तारखेला पूर्ण पैसे नसले तरी आहेत तेवढे चलनाने भरून ठेवायचे. पैसे चालू खात्यात ठेवले तर ते दुसऱ्याच कुणाला जातात, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

या पहिल्या जातीला हप्त्यांची सोय नाही. कलम ८० मध्ये जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळतात, पण विवरणपत्रात स्वतः दाखवलेल्या कराला ते कलम स्पष्टपणे वगळते. उलट कलम ७५(१२) प्रमाणे असा कर कोणतीही कारणे दाखवा नोटीस न देता थेट कलम ७९ खाली वसूल करता येतो. जीएसटीआर-१ मध्ये दाखवून ३बी मध्ये न भरलेला करही यातच धरतात. १ आणि ३बी मधली तफावत ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की डीआरसी-०१बी ही तफावतीची सूचना येते. सात दिवसांत पैसे भरायचे किंवा कारण द्यायचे. काहीच केले नाही तर पुढचे जीएसटीआर-१ अडते आणि गिऱ्हाइकाचे इनपुट थांबते. मग गिऱ्हाईक उरलेले पैसेही अडवते. लागोपाठ दोन कालावधींची विवरणपत्रे राहिली की माल पाठवायला लागणारे ई-वे बिल बंद. शिवाय देय तारखेपासून तीन वर्षे उलटली की ते विवरणपत्र कायमचे बंद होते, भरायचे म्हटले तरी भरता येत नाही.

विवरणपत्र भरलेच नाही तर अधिकारी कलम ६२ खाली अंदाजे कर ठरवून एएसएमटी-१३ आदेश काढतो. आकडा बहुधा मोठा असतो आणि तो बघून लोक वकिलाकडे धावतात. त्याआधी तारीख बघा. आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत खरे विवरणपत्र कर आणि व्याजासह भरले की आदेश आपोआप मागे घेतला गेला असे कायदा मानतो. ते ६० दिवस हुकले तर पुढचे ६० दिवसही मिळतात, फक्त रोजचे १०० रुपये जादा विलंब शुल्क पडते, सीजीएसटी (केंद्राचा भाग) आणि एसजीएसटी (राज्याचा भाग) यांचे वेगवेगळे. अपील नको, सुनावणी नको. थकबाकी मिटवण्याचा याहून स्वस्त रस्ता या कायद्यात नाही, आणि तरीही तो सर्रास वाया जातो.

दुसरी जात आदेशाची. विभागाने तपासणी केली, २ए किंवा २बीशी (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या खरेदीच्या याद्यांशी) इनपुट जुळले नाही, पुरवठादाराची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द झाली, प्राप्तिकर विवरणपत्रातली उलाढाल जास्त निघाली. आधी डीआरसी-०१ नोटीस येते, उत्तर डीआरसी-०६ मध्ये द्यायचे असते आणि आदेशाचा गोषवारा डीआरसी-०७ म्हणून पोर्टलवर चढतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फायलींत डीआरसी-०६ रिकामे असते. कारण नोटीस पोर्टलच्या आतल्या पानावर पडलेली, नोंदवलेला मेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा आणि मोबाइल नंबर जुन्या सल्लागाराचा. कायद्याच्या कलम १६९ प्रमाणे पोर्टलवर टाकलेली नोटीस ही बजावलेली नोटीस आहे. 'मला मिळालीच नाही' हे सांगायला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते आणि तिथेही दिलासा मिळाला तर बहुधा काही रक्कम भरण्याच्या अटीवर मिळतो.

नोटिशीला उत्तर देताना दोन गोष्टी विसरू नयेत. फॉर्ममध्ये वैयक्तिक सुनावणी हवी का असा पर्याय असतो, तिथे 'हो' करा. मग सुनावणी न देता प्रतिकूल आदेश निघाला तर कलम ७५(४) हाताशी असते. आणि नोटिशीतला जो भाग खरा आहे तो लगेच भरून टाका. कलम ७३ खाली नोटिशीपासून ३० दिवसांत कर आणि व्याज भरले तर दंड लागत नाही. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४ए लागू आहे, तिथे ही मुदत ६० दिवसांची. मात्र विवरणपत्रात दाखवलेला किंवा गिऱ्हाइकाकडून गोळा केलेला कर देय तारखेनंतर ३० दिवसांहून जास्त थकला असेल, तर कलम ७३ खालची ही दंडमाफी मिळत नाही. दंडाचा हिशेब लहान रकमांना जास्त बोचतो. १० टक्के किंवा १०,००० यांतले जे जास्त ते, आणि तेही सीजीएसटी व एसजीएसटीला वेगळे. म्हणून पाच हजारांच्या तफावतीवर वीस हजारांचा दंड दिसतो. सभासदांना तो विभागाचा अन्याय वाटतो. तो कायद्यातच आहे.

२०२२-२३ या वर्षासाठी कलम ७३ ची नोटीस ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत आणि आदेश ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत काढता येतो. मुदतीच्या तोंडावर नोटिसांचा पाऊस पडतो हे आपण दर वर्षी पाहतो. आपल्या कॅलेंडरवर या दोन तारखा लाल शाईने लिहून ठेवा.

आता आदेश निघालाच आहे असे धरू. कलम ७८ प्रमाणे भरण्यासाठी तीन महिने आणि कलम १०७ प्रमाणे अपिलासाठीही तीन महिने, दोन्ही घड्याळे एकदमच चालतात. अपिलाला योग्य कारण असेल तर आणखी एक महिना माफ होऊ शकतो. त्यापुढचा एक दिवसही माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याला नाही. म्हणून सल्लागाराकडे फाइल पहिल्या पंधरवड्यात जायला हवी. शेवटच्या आठवड्यात आलेल्या फायलीत ताळमेळ न होता नुसते अपील होते.

ताळमेळ म्हणजे काय ते आकड्यांनी सांगतो, कारण व्यावसायिक मदतीचा खरा उपयोग इथे आहे. समजा आदेशात कर ८,००,००० आहे, तीन वर्षांचे व्याज ४,३२,००० आणि दंड ८०,०००. एकूण १३,१२,०००. हा आकडा बघून सभासद एकतर रडतो किंवा कागद ड्रॉवरमध्ये ठेवतो. जाणकार माणूस आधी त्या आठ लाखांचे तुकडे करतो. त्यात ३,१०,००० चे इनपुट पुरवठादाराने पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात दाखवल्यामुळे त्या वर्षाच्या २ए मध्ये दिसत नाही. १,४०,००० आधीच डीआरसी-०३ ने, म्हणजे स्वतःहून कर भरण्याच्या फॉर्मने, भरलेले आहेत, पण आदेशात वजा झालेले नाहीत. २,००,००० च्या इनपुटचा वाद पुरवठादाराने विवरणपत्रच न भरल्यामुळे आहे. आणि १,५०,००० ही खरोखर आपली चूक, एकच बिल दोनदा घेतल्याची.

प्रत्येक तुकड्याचा रस्ता वेगळा. शेवटचे दीड लाख त्यावरच्या व्याज-दंडासह मान्य करून भरायचे. त्याने अपिलाची विश्वासार्हता वाढते आणि कायद्यानेही मान्य रक्कम पूर्ण भरल्याशिवाय अपील दाखल होत नाही. डीआरसी-०३ ने भरलेली रक्कम जुलै २०२४ पासून आलेल्या डीआरसी-०३ए फॉर्मने त्या विशिष्ट मागणीला जोडता येते. मात्र मूळ डीआरसी-०३ मध्ये कारण 'स्वेच्छेने' किंवा 'इतर' निवडलेले असले पाहिजे. नुसते चलन दाखवून अधिकारी मागणी कमी करत नाही, कारण पोर्टलवरच्या देयता नोंदवहीत ती रक्कम तशीच उभी असते. वसुली विभाग त्या नोंदवहीकडे बघतो, तुमच्या पावतीकडे नाही. उरलेले ५,१०,००० वादग्रस्त. त्यावर १० टक्के, म्हणजे ५१,००० प्री-डिपॉझिट (अपिलाआधी भरायची रक्कम) भरून एपीएल-०१ हा अपिलाचा फॉर्म दाखल केला की बाकीची वसुली कायद्यानेच थांबते, वेगळा स्थगिती अर्ज लागत नाही. तेरा लाखांच्या कागदातून आज खिशातून काढायची रक्कम किती राहिली, ते आपणच मोजा.

पुरवठादाराच्या वादात पुरावा काय लागतो, यावर बरीच गल्लत आहे. २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी २७ डिसेंबर २०२२ चे परिपत्रक क्रमांक १८३ आहे : एका पुरवठादाराकडून वर्षातली तफावत पाच लाखांपेक्षा जास्त असेल तर सीएचे किंवा कॉस्ट अकाउंटंटचे प्रमाणपत्र, कमी असेल तर पुरवठादाराचेच प्रमाणपत्र चालते. १ एप्रिल २०१९ ते ३१ डिसेंबर २०२१ या काळासाठी परिपत्रक १९३ पाहा, त्याचे आपले निकष आहेत. १ जानेवारी २०२२ नंतर मात्र बिल २बी मध्ये दिसल्याशिवाय इनपुटचा हक्कच नाही. त्या काळासाठी ही प्रमाणपत्रे गोळा करत बसू नका, पुरवठादाराला गाठून त्याचे विवरणपत्र भरून घ्या. इनपुट उशिरा घेतले म्हणून, कलम १६(४) खाली, जुन्या वर्षांत नाकारले गेले असेल तर कलम १६(५) तपासा : २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांचे इनपुट ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंतच्या विवरणपत्रात घेतले असेल तर ते वैध ठरले आहे.

आदेशात निव्वळ गणिताची चूक असेल, म्हणजे बेरीज चुकली किंवा भरलेले चलन डोळ्यासमोर असून धरले नाही, तर कलम १६१ खाली आदेशापासून तीन महिन्यांत दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पण दुरुस्तीच्या भरवशावर अपिलाची मुदत जाऊ देऊ नका. अर्ज फेटाळला जातो आणि तोवर चौथा महिना संपलेला असतो. ही चूक व्यापाऱ्यांपेक्षा सल्लागारच जास्त करतात, हेही कबूल केले पाहिजे. पहिले अपील हरले तर जीएसटी अपील न्यायाधिकरण आहे. त्याचे उद्घाटन २४ सप्टेंबर २०२५ ला झाले. तिथे आणखी १० टक्के भरावे लागतात.

रक्कम बरोबरच आहे आणि वाद नाही, अशा वेळी हप्ते. अर्ज डीआरसी-२० मध्ये, मंजुरी डीआरसी-२१ मध्ये. मागणी २५,००० पेक्षा कमी असेल किंवा जुन्या देण्याची वसुली आधीच चालू असेल तर मिळत नाहीत. म्हणून बँक गोठण्याच्या आधी अर्ज करायचा. अर्जाबरोबर सहा महिन्यांचे बँक उतारे, येणे-देणे यादी, बँकेच्या कर्जाचा तपशील आणि महिन्याला किती रोकड उरते याचा एक पानी तक्ता जोडावा. आयुक्त कार्यक्षेत्रातल्या अधिकाऱ्याकडून ऐपतीचा अहवाल मागवतात आणि त्याने तोच तक्ता बघायचा असतो. सहा लाखांच्या कराला २४ हप्ते मिळाले तर दरमहा २५,००० आणि घटत्या शिलकीवर १८ टक्क्यांनी व्याज. पहिल्या महिन्यात ९,०००, एकंदरीत १,१२,५०० च्या आसपास. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम त्याच क्षणी देय, नोटीसही लागत नाही. आमचा सल्ला असा की हप्ता ठरवताना चालू महिन्याचे ३बी आधी वजा करा. जुना हप्ता भरण्यासाठी चालू कर थकवणारा माणूस वर्षभरात पहिल्या जातीच्या थकबाकीत पुन्हा सापडतो. बँकेत तारण शिल्लक असेल तर १८ टक्क्यांपेक्षा स्वस्त कर्ज घेऊन कर एकदाच मिटवणे बहुधा बरे पडते.

बँक खाते गोठले, तर ते बहुधा डीआरसी-१३ मुळे, म्हणजे तुमचे पैसे ज्याच्याकडे आहेत त्याला जाणाऱ्या वसुलीच्या नोटिशीमुळे. तीच नोटीस तुमच्या देणेकऱ्यांनाही जाऊ शकते आणि बाजारातली पत तिथे जाते. अशा वेळी बँकेच्या मॅनेजरशी भांडण्यात वेळ घालवू नये. अधिकाऱ्याचे मागे घेतल्याचे पत्र आल्याशिवाय तो काहीच करू शकत नाही. आदेशापासून तीन महिने पूर्ण होण्याआधी वसुली सुरू झाली असेल तर त्यासाठी लेखी कारणे नोंदवलेली असावी लागतात, ती मागा. अपील दाखल असेल तर पोचपावती आणि प्री-डिपॉझिटचा पुरावा घेऊन त्याच दिवशी अर्ज द्या, प्रतीवर शिक्का घ्या. डीआरसी-२२ असेल तर ती कलम ८३ ची तात्पुरती जप्ती, तिचे आयुष्य एक वर्ष.

कंपनी, भागीदारी यांचे दोन शब्द. खासगी कंपनीची थकबाकी वसूल होत नसेल तर संचालकावर येते, कसूर आपली नव्हती हे त्यानेच सिद्ध करायचे. भागीदार निवृत्त झाला आणि एका महिन्यात आयुक्तांना कळवले नाही तर पुढच्या थकबाकीलाही तो बांधील. चालू धंदा विकत घेणाऱ्याच्या गळ्यात विकणाऱ्याचा जुना कर येतो. नोंदणी रद्द केल्याने देणे मिटत नाही.

प्राप्तिकराच्या मागणीला अपील चालू असताना साधारणपणे २० टक्के भरून बाकीला स्थगिती मागता येते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने जुन्या कलमांचे नमुना अर्ज तसेच वापरू नयेत. आणि पैसे अपुरे असतील तेव्हा आमचा क्रम ठरलेला आहे : कापलेला टीडीएस आणि कामगारांचा कापलेला पीएफ पहिला, मग चालू ३बी, मग मुदतीत असलेले आदेश, शेवटी बाकीचे जुने. पहिल्या दोन रकमा आपल्या कधीच नव्हत्या आणि त्यांच्या बाबतीत फौजदारी लवकर येते.

आता आमच्याच धंद्याविषयी. विभागापुढे करदात्याच्या वतीने वकील, सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी, नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर, निवृत्त अधिकारी, आपला पगारी नोकर किंवा नातेवाईकही उभा राहू शकतो. ताळमेळ सीए किंवा अनुभवी करसल्लागाराने करावा, अपिलाचे मुद्दे कायद्याचे असतील तर वकील घ्यावा. दोन्ही कामे एकाच माणसाला चांगली जमतात असे क्वचितच. 'तेरा लाखांचे तीन करून देतो, वाचवलेल्यावर वीस टक्के' असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सीए आणि वकील दोघांनाही निकालावर अवलंबून फी घेण्यास त्यांच्या आचारसंहितेने मनाई आहे. ज्याच्या बोलण्यात कलमापेक्षा साहेबाचे नाव जास्त येते, तो तुमचे पैसे घेऊन मुदत घालवेल. फी टप्प्यानुसार लेखी ठरवा : ताळमेळ, नोटिशीचे उत्तर, सुनावणी, अपील. पोर्टलचा नोंदणीकृत मोबाइल आणि मेल मालकाचाच असला पाहिजे, सल्लागाराचा कधीच नाही. कराचे पैसे सल्लागाराच्या खात्यात द्यायचे नाहीत, चलन आपल्या खात्यातून. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची पोच आणि एआरएन (पोर्टलचा अर्ज क्रमांक) आपल्या फाइलला. आणि ज्या सल्लागाराच्या दुर्लक्षाने मुदत गेली, त्याच फायलीवर किमान एक तिऱ्हाईत मत घ्या. त्याला स्वतःची चूक लपवायची असते, तुम्हाला कर कमी करायचा असतो.

संघटनेने काय करायचे? मोठी यंत्रणा नको. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक टेबल. त्या दिवशी सभासदाने आपला मोबाइल घेऊन यायचे, स्वतःच लॉगिन करायचे आणि नोटिसा व आदेशांची सगळी पाने उघडून दाखवायची. संघटनेने पासवर्ड घ्यायचा नाही, पैशाला हात लावायचा नाही. एका वहीत इतकेच लिहायचे : जीएसटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, कागदाचा प्रकार, कागदाची तारीख, शेवटची तारीख, कोणाकडे दिला. शेवटच्या तारखेच्या वीस दिवस आधी फोन करायचा. नोटीस खरी आहे का हे त्यावरच्या डीआयएन किंवा आरएफएन क्रमांकाने सरकारी संकेतस्थळावर तपासता येते, तेही तिथेच करून द्यायचे, कारण खोट्या नोटिसा पाठवून पैसे उकळणारेही आहेत. तीन-चार सल्लागारांची यादी त्यांच्या टप्पानिहाय फीसह फलकावर लावायची. आमच्यापैकी कोणी त्या यादीत नसले तरी चालेल.

आणि निवेदन द्यायचेच असेल तर जीएसटी परिषदेला नेमके मागा. कलम ८० मधले स्वतः दाखवलेल्या कराचे अपवर्जन काढा, म्हणजे प्रामाणिकपणे विवरणपत्र भरू पाहणाऱ्यालाही हप्ते मिळतील. आज जो माहिती दडवतो आणि आदेश ओढवून घेतो त्याला हप्ते आहेत, जो स्वतः कबूल करतो त्याला नाहीत. ३बी अंशतः भरण्याची सोय द्या. आणि योग्य कारण असल्यास चार महिन्यांपुढचा विलंबही माफ करण्याचा अधिकार अपील अधिकाऱ्याला द्या. या तिन्ही मागण्यांना तिजोरीची फारशी तोशीस नाही. मसुदा हवा असेल तर आम्ही लिहून देऊ, पुढच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर तेवढा विषय घ्या.

आपले,
महाराष्ट्रात करविषयक काम करणारे काही करसल्लागार आणि वकील